कळफलकावर नसलेली अक्षरे

जळगाव किंवा धुळ्याच्या छापखान्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जुळवलेली एखादी मराठी फाइल आज दुसऱ्या संगणकावर उघडली, तर पुष्कळदा पडद्यावर मराठी येतच नाही. येतात ती युरोपातली अक्षरे: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ई, दोन टिंबांचा यू, उलट्या रेघेचा ओ आणि मधूनच अर्ध्या-पावाच्या अपूर्णांकांच्या खुणा. फाइल खराब झाली असे समजून लोक ती पुसून टाकतात. ती खराब झालेली नसते. तिच्यात मराठी अक्षरे मुळात साठवलेलीच नव्हती. साठवली होती ती युरोपीय अक्षरे, आणि एका विशिष्ट फॉन्टने त्यांना मराठी रूप दिले होते. फॉन्ट गेला, तसे रूपही गेले.

त्यामुळे परक्या भाषेतली रेघा-टिंबांची अक्षरे टेक्स्ट एडिटरमध्ये कशी उमटवायची, हा खान्देशापासून दूरचा प्रश्न नाही. फ्रेंच ग्रंथाचे नाव, जर्मन संशोधकाचे आडनाव, पाचोऱ्यातला ऱ्य, खान्देशातल्या अहिराणी बोलीतला न्ह आणि धुळ्याच्या दप्तरातली मोडी लिपी या सगळ्यांची अडचण एकच आहे: अक्षर हवे आहे आणि कळ नाही. या अडचणीवर आजवर जे जे उपाय झाले त्यांचा आढावा घेताना माझे एक म्हणणे आहे. अक्षर कोणत्या कळीने उमटवायचे हे ज्याच्या त्याच्या सोयीवर सोडावे; ते साठवायचे मात्र सर्वांनी एकाच रीतीने. आपल्याकडे नेमके उलटे झाले. सगळ्यांनी दोन-तीन ठरावीक कळफलक निमूट स्वीकारले आणि साठवण मात्र ज्याने त्याने आपापल्या फॉन्टप्रमाणे केली.

हे का झाले ते समजून घ्यायला हवे, कारण ज्यांनी ते केले त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. एका बाइटमध्ये २५६ जागा मावतात. पहिल्या १२८ इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हांनी भरलेल्या. उरलेल्या १२८ मध्ये पश्चिम युरोपच्या भाषांची अक्षरे बसवण्याचे मानक १९८७ साली आयएसओ ८८५९-१ या नावाने ठरले आणि विंडोजने थोड्या फरकाने तेच उचलले. भारतीय फॉन्ट करणाऱ्यांना रिकामी जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी भरलेल्या जागेवरच देवनागरीचे तुकडे बसवले. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या ‘सुरेख’सारख्या फॉन्टांत तिरक्या रेघेच्या मोठ्या ई च्या जागी काना होता, टोपीवाल्या ई च्या जागी ऱ्हस्व वेलांटी आणि उलट्या रेघेच्या ओ च्या जागी दीर्घ वेलांटी. म लिहायचा तर अर्धा म आणि त्यापुढे काना, असे दोन तुकडे साठवले जात. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव या प्रत्येकाचे तुकडे निराळे आणि त्यांच्या जागाही निराळ्या.

याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. अशा फॉन्टमध्ये रेघांचे फ्रेंच शब्द लिहिणे अशक्यच होते. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० साली पॅरिसच्या ‘एकोल’ या संस्थेच्या ग्रंथमालेत निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ साली मराठीत आणला. संदर्भसूचीत त्या मालेचे फ्रेंच नाव लिहायचे, तर ‘एकोल’चे पहिलेच अक्षर तिरक्या रेघेचा मोठा ई आहे. सुरेख फॉन्टमध्ये तिथे नुसता काना उभा राही. मराठी त्या अक्षराच्या जागेवर बसली होती, म्हणून ते अक्षर त्याच फॉन्टमध्ये येऊच शकत नव्हते. प्रबंध टंकित करणाऱ्यांनी मग रेघा गाळल्या, फॉन्ट बदलून तेवढाच शब्द वेगळा केला, किंवा छापून झाल्यावर पेनाने रेघ मारली.

खरे तर सरकारी पातळीवर नीट विचार झाला होता. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ मध्ये ठरला. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून मानक झाली. इस्कीत तुकडे नव्हते, अक्षरे होती. ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जात आणि जोडाक्षर कसे दिसावे हे पडदा किंवा छपाईयंत्र ठरवी. जगातल्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतप्रणालीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतली आहे. म्हणजे पाया भारतीयच होता. पण छापखान्याला आज दुपारी लग्नपत्रिका द्यायची असते आणि उद्या पहाटे अंक काढायचा असतो. पाने जुळवण्याच्या पेजमेकरमध्ये जो फॉन्ट दिसे तो वापरला गेला. आज मागे पाहताना याचा राग येऊ नये. दुरुस्ती मात्र करायला हवी, कारण त्या फाइलींत खान्देशातली स्मरणिका, दिवाळी अंक, गावांचे इतिहास आणि कवितासंग्रह अडकून आहेत, आणि त्यांतले पुष्कळ कागदावरही आता मिळत नाहीत.

टंकलेखन यंत्राचा वारसा याहूनही जुना. तालुक्याच्या गावी टंकलेखन संस्था असे, खालच्या मजल्यावर दुकाने आणि वर यंत्रांचा खडखडाट. मराठी ३० आणि ४० शब्द प्रति मिनिट या परीक्षांवर कित्येकांच्या सरकारी नोकऱ्या लागल्या. त्या यंत्रांची रेमिंग्टन मांडणी अर्ध्या अक्षरांवर उभी होती: अर्धे अक्षर आणि काना, म्हणजे पूर्ण अक्षर. संगणक आल्यावर फॉन्टवाल्यांनी तीच मांडणी कायम ठेवली, कारण बोटांना लागलेले वळण मोडणे सोपे नाही. यात मला काही वावगे दिसत नाही. ज्याने तीस वर्षे रेमिंग्टन चालवले त्याने आजही तेच चालवावे. कळींचा क्रम रेमिंग्टनचा आणि साठवण युनिकोडची, अशी सोय आज मिळते. अडचण कळींची नव्हतीच.

इन्स्क्रिप्टबद्दल खान्देशात एक गैरसमज फार ऐकू येतो, की तो फक्त सरकारी कामासाठी आहे. त्याची रचना खरोखर देखणी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. अल्पप्राण साध्या कळीवर आणि महाप्राण त्याच कळीवर शिफ्टसह. र जिथे आहे तिथेच शिफ्ट धरली की ऱ, आणि ल जिथे आहे तिथे शिफ्ट धरली की ळ. पाचोऱ्याला, एरंडोलच्या ओसरीवरच्या म्हाताऱ्याला, पारोळ्याच्या झाडाझुडपांना लागणारी सगळी अक्षरे दोन कळींच्या आत येतात. शिकायला थोडे आठवडे लागतात, पुढे बोटे आपोआप चालतात. ज्याला मुळातूनच शिकायचे आहे त्याने हाच शिकावा असे मी म्हणेन.

तरी बहुसंख्य लोक उच्चारानुसारी पद्धतीने लिहितात, म्हणजे रोमन कळा दाबून मराठी. १९९१ च्या सुमारास अविनाश चोपडे यांनी तयार केलेली आयट्रान्स पद्धत, पुढे आलेले बरहा, मराठी संकेतस्थळांवर रुळलेले गमभन, आणि मे २०१९ च्या सुधारित विंडोज १० मध्ये आलेला मराठी फोनेटिक कळफलक, हा सगळा एकाच घराण्याचा पसारा. मोबाइलवर गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली. शेतातून, एसटीतून, दवाखान्याच्या रांगेतून लिहिणाऱ्यासाठी हे वरदान आहे. पण या साधनांपैकी जी पुढचा शब्द सुचवतात किंवा ऐकून लिहितात, ती प्रमाण मराठी गृहीत धरतात. त्याकडे पुढे येऊ.

आता एडिटरकडे वळू. आपल्याला हवा तसा वळवता येणारा एडिटर म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर मुख्यतः दोन नावे आहेत: ईमॅक्स आणि व्हिम. दोन्ही मोफत, दोन्हींचा गाभा खुला, आणि दोन्हींत एक गोष्ट समान: कोणती कळ दाबली की कोणते अक्षर यावे याचा तक्ता तुम्ही स्वतः लिहू शकता. संगणकाच्या व्यवस्थेत नवा कळफलक बसवायला परवानग्या लागतात. महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर त्या मिळत नाहीत. एडिटरमधला तक्ता ही तुमची साधी मजकुराची फाइल असते. पेन ड्राइव्हवर टाकून ती धुळ्याहून साक्रीला नेता येते.

ईमॅक्समध्ये या व्यवस्थेचे मूळ जपानमध्ये आहे. जपानी लिहिण्यासाठी तिथल्या संशोधकांनी म्यूल ही बहुभाषिक जोड तयार केली आणि १९९७ च्या २० व्या आवृत्तीत ती ईमॅक्सच्या पोटात आली. इंग्रजीबाहेरची भाषा ज्यांना रोज लिहावी लागते त्यांनी ती बांधली, हे तिच्या रचनेत जाणवते. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबले की लेखनपद्धत चालू, पुन्हा दाबले की बंद. देवनागरीसाठी आयट्रान्स, क्योटो-हार्वर्ड, इन्स्क्रिप्ट अशा पद्धती आधीपासून आहेत. युरोपीय भाषांसाठी ‘पोस्टफिक्स’ पद्धती आहेत: ई लिहून लगेच अवतरणचिन्ह दाबले की तिरक्या रेघेचा ई तयार. एखादेच अक्षर हवे असेल तर पद्धत बदलण्याचीही गरज नाही. कंट्रोल-एक्स, मग ८, मग अवतरणचिन्ह, मग ई. धनगर, खंडोबा आणि दख्खनच्या लोकदैवतांवर आयुष्यभर काम केलेल्या गुंथर सोंथायमर यांच्या नावात दोन टिंबांचा यू आहे. मराठी परिच्छेदाच्या मधोमध तो यू जसा आहे तसा लिहायला चार कळा लागतात, आणि हात मराठीवरून हलत नाही.

पडद्यावरचे रूपही सुधारले आहे. २००९ च्या २३ व्या आवृत्तीत ईमॅक्सने आतली साठवण युनिकोडवर आणली आणि २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून हार्फबझ हा अक्षरजोडणी करणारा भाग वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून जोडाक्षरे, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसतात.

व्हिमचा मार्ग वेगळा. तिथे कंट्रोल-के दाबून दोन चिन्हे द्यायची: ई आणि अवतरण म्हणजे तिरक्या रेघेचा ई, ए आणि अपूर्णविराम म्हणजे दोन टिंबांचा ए, सी आणि स्वल्पविराम म्हणजे फ्रेंचमधला शेपटीचा सी. ही जोड्यांची यादी १९९२ च्या एका इंटरनेट दस्तऐवजावरून घेतली आहे आणि ती इतकी तर्काला धरून आहे की पाठ करावी लागत नाही. ज्याची जोडी नाही त्याचा संकेतांक द्यायचा: कंट्रोल-व्ही, यू, ०९३३ म्हणजे ळ. सलग मजकुरासाठी कीमॅप फाइल करता येते. तिच्यात वर एक ओळ आणि खाली दोन रकान्यांची यादी, डावीकडे कळा आणि उजवीकडे अक्षर. व्हिममध्ये याचा एक खास फायदा आहे. व्हिमच्या सगळ्या आज्ञा रोमन अक्षरांच्या असतात. संगणकाचा कळफलकच मराठी केला तर आज्ञा चालत नाहीत आणि दर वाक्याला भाषा बदलावी लागते. कीमॅप फक्त मजकूर लिहिताना लागू होतो, आज्ञा देताना आपोआप बाजूला होतो. मात्र व्हिम बहुतेकदा टर्मिनलच्या चौकटीत चालतो, आणि तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचे घर दिलेले असते. देवनागरीच्या मात्रा आणि जोडाक्षरे त्या घरांत नीट बसत नाहीत, कर्सर एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी असे होते. मराठीचे लांब लेखन करणाऱ्याने म्हणून ईमॅक्सच धरावा, असे माझे मत आहे. फाइली साफ करण्यासाठी व्हिम उत्तम.

हे सगळ्यांनी शिकावे असा माझा आग्रह नाही. पत्रिका जुळवणाऱ्याला याची गरज नाही. कोशकार, अनुवादक, प्रबंध लिहिणारा विद्यार्थी, जुन्या कागदांचे लिप्यंतर करणारा, यांना आहे, कारण एकाच पानावर तीन-चार लिप्या आणि शेकडो वेळा तीच अक्षरे त्यांना लिहावी लागतात.

जुन्या फॉन्टच्या फाइली सोडवण्याचे कामही अशा एडिटरमध्ये करता येते. ते नुसते शोधा-आणि-बदला नाही. क्रम चुकला की सगळे बिघडते. आधी लांब तुकडे बदलायचे, मग छोटे. नाहीतर क्ष मधला क आधीच बदलला जातो. मग अर्धे अक्षर आणि काना मिळून पूर्ण अक्षर. त्यानंतर वेलांटी: जुन्या फाइलीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर हवी. ‘शिरपूर’मध्ये ती एका अक्षरावरून उडी मारते, ‘स्थिती’मध्ये दोन अक्षरांवरून. रफाराचे उलट: तो जुन्या फाइलीत अक्षरानंतर असतो आणि युनिकोडमध्ये अक्षराआधी जातो. ‘पूर्व खान्देश’ आणि ‘पाचोऱ्यात’ हे दोन शब्द बरोबर आले की तक्ता पुष्कळसा जमला असे समजावे. एकदा जमला की त्या फॉन्टच्या सगळ्या फाइली एका आज्ञेने सुटतात.

आता टिंबाबद्दल, कारण लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. संस्कृत-मराठी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची विद्वानांची रीत १८९४ च्या जिनीव्हा येथील प्राच्यविद्या परिषदेत पक्की झाली. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खान्देशीला नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबत जागा दिली. तो भाग १९०७ साली निघाला. त्यात रोमन अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबे आहेत. त्याचे दाखले देताना टिंब गाळले, तर ट आणि त एक होतात, ल आणि ळ एक होतात. अहिराणीच्या अभ्यासात तर ळ चे काय होते हाच एक मोठा विषय आहे. काळा तिथे काया होतो, डोळा डोया होतो. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांतल्या लेवा बोलीतही हेच घडते. ल, ळ आणि य यांतला फरक दाखवण्यासाठी जो प्रबंध लिहिला, त्याच्या इंग्रजी सारांशात दोन वेगळे ल एकाच खुणेने दाखवले तर सारांश निरर्थक झाला. म्हणून टिंबाचा एल एका जोडकळीवर असलाच पाहिजे. इथे मराठीपुरती आणखी एक काळजी: जुन्या संस्कृत रीतीत टिंबाचा एल हा ऌ या स्वरासाठी राखलेला आहे. २००१ च्या आयएसओ १५९१९ या मानकात तो ळ साठी आहे आणि ऌ साठी खाली छोटे वर्तुळ. मराठी आणि अहिराणीवर लिहिणाऱ्याने हे दुसरे मानक घ्यावे आणि प्रस्तावनेत तसे सांगावे.

दिसायला एक आणि साठवणीत वेगळे, ही आणखी एक अडचण आहे आणि ती सर्वांत छुपी आहे. फ्रेंचमधला तिरक्या रेघेचा ई एका संकेतांकाने साठवता येतो, किंवा ई अधिक सुटी रेघ अशा दोघांनी. युनिकोडने या दोन्ही रूपांना समान ठरवले असल्यामुळे समीकरण करणारी आज्ञा चालवली की ती एक होतात. मराठीचे नशीब इतके चांगले नाही. इंग्रजी शब्दांतला ॲ हा स्वतंत्र संकेतांक, ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आला. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात तो वर्णमालेत घेतला. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, कधी दोघांच्या मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालत. तिन्ही रूपे आजही चालू आहेत आणि युनिकोड त्यांना समान मानत नाही. पाचोऱ्यातला ऱ्य देखील दोन प्रकारे साठवला जातो: ऱ हा वेगळा संकेतांक वापरून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्याला फरक कळत नाही. शोध घेणाऱ्याला मात्र अर्धीच पाने सापडतात.

त्यात शुद्धलेखनाची भर. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांआधीच्या पुस्तकांत जळगांव आहे, नंतर जळगाव. अमळनेर आणि अंमळनेर, खानदेश आणि खान्देश, दोन्ही आजही लिहिले जातात. ईमॅक्सच्या २०१६ च्या २५ व्या आवृत्तीत अशी सोय आली की साधा ई शोधला तरी रेघांचे सगळे ई सापडावेत. पुढे त्या यादीत आपल्या जोड्या घालण्याचीही मुभा मिळाली. ॲ ची तिन्ही रूपे आणि ऱ्य ची दोन्ही रूपे त्या यादीत टाकणे हे दहा मिनिटांचे काम आहे. मला विचाराल तर मराठी वापरणाऱ्याने ईमॅक्स बसवल्यावर हे पहिले काम करावे.

आता अहिराणी. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली. २००१ मध्ये हा आकडा २० लाखांच्या वर होता. आयएसओच्या यादीत अहिराणी आणि खान्देशी या दोघींना तीन अक्षरांची स्वतंत्र ओळखही आहे. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश आहे, सुधीर देवरे यांनी चालवलेले ‘ढोल’ हे अहिराणी नियतकालिक आहे. लेखन आहे, वाचक आहेत. पण मोबाइलवर अहिराणी लिहू पाहणाऱ्याला यंत्र सतत प्रमाण मराठीकडे ओढते. ‘डोया’ लिहिले की ‘डोळा’ सुचवते, ‘पानी’चे ‘पाणी’ करते, ‘मन्हा’ आणि ‘तुन्हा’खाली लाल रेघ मारते. बोलून लिहायला गेले तर वाक्याचे वाक्य मराठी किंवा हिंदी होऊन येते. ज्या मुलाला शाळेत आधीच सांगितले गेले आहे की तुझी बोली अशुद्ध आहे, त्याला आता खिशातले यंत्रही तेच सांगते. मला हे फार लागते.

इथे स्वतःच्या तक्त्याचे मोल कळते. अहिराणीला नवे अक्षर नको आहे; लागणारी सगळी अक्षरे देवनागरीत आहेत. हवे आहे ते वारंवार येणारे न्ह, म्ह, ल्ह, व्ह सहज उमटवणारी मांडणी, ‘शे’ आणि ‘शेतस’सारख्या शब्दांना चूक न मानणारी शब्दयादी, आणि कोणीही मध्ये न पडता लिहू देणारा एडिटर. मन्हा लिहायचे की मना, हा प्रश्न बोलणाऱ्यांचा आहे. धुळ्याकडचा उच्चार एक, चाळीसगावकडचा दुसरा. तक्ता दोन्ही लिहू देतो. शब्दयादीसाठी व्हिमची व्यवस्था सोपी आहे: एका ओळीत एक शब्द अशी फाइल द्यायची, एका आज्ञेने तिचा शुद्धिकोश तयार होतो, आणि पुढे लिहिताना कर्सर शब्दावर ठेवून दोन कळा दाबल्या की तो शब्द यादीत जमा. कोशकारांनी केलेल्या कामाचा उपयोग असा रोजच्या लेखनात उतरू शकतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जिच्या नावाने ओळखले जाते, ती बाई लिहू शकत नव्हती. तिची गाणी मुलगा सोपानदेव आदींनी उतरून घेतली म्हणून १९५२ साली पुस्तक आले. उतरून घेणाऱ्याने तिचा य जर ळ केला असता, तर गाणी उरली असती आणि तिची बोली गेली असती. आजचे उतरून घेणारे यंत्र तेच करते. विद्यापीठाच्या भाषा विभागाने आणि संगणक विभागाने एकत्र बसून अहिराणी आणि लेवा बोलीचा तक्ता आणि शब्दयादी खुली करून द्यावी, अशी माझी मनापासून मागणी आहे. काम मोठ्या खर्चाचे नाही. दोन साध्या मजकूर-फाइलींचे आहे.

धुळ्याची गोष्ट निराळी आणि जुनी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गोळा केलेली रामदासी हस्तलिखिते तिथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या कागदांची लिपी मोडी. आजवर मोडीचे संगणकावर काम म्हणजे छायाचित्र एका बाजूला आणि देवनागरी लिप्यंतर दुसऱ्या बाजूला, एवढेच होते. वाचकाला लिप्यंतर तपासायचे तर पुन्हा छायाचित्र. मोडी युनिकोडमध्ये जून २०१४ च्या ७.० आवृत्तीत आली, तिचे संकेतांक ११६०० पासून सुरू होतात. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या रीतीत रेघेच्या युरोपीय अक्षराला दोन बाइट लागतात, देवनागरीला तीन, मोडीला चार. जुने एडिटर चार बाइटांच्या अक्षरापाशी अडखळतात. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ईमॅक्सच्या २९ व्या आवृत्तीत ब्राह्मी, शारदा, कैथी अशा जुन्या लिप्यांसोबत मोडीची लेखनपद्धतही तयार मिळते. नोटो मालिकेतला मोडी फॉन्ट बसवला की काम सुरू.

यामुळे एका ओळीत मूळ मोडी, तिच्याखाली देवनागरी आणि गरज असेल तिथे टिंबांची रोमन, अशी तिहेरी फाइल ठेवता येते, आणि तिच्यात शोधता येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहिणारे क्वचितच पाळत. लिप्यंतर करणारा तो आपल्या अंदाजाने भरतो. मूळ मोडी अक्षरे शेजारी राहिली तर तो अंदाज कुठे केला हे पुढच्या अभ्यासकाला दिसते. अजून कमतरता आहे ती फॉन्टची. लेखणी न उचलता लिहिलेल्या मोडीत अक्षरे एकमेकांत शिरतात, काळाप्रमाणे वळणे बदलतात, चिटणीसी आणि बिवलकरी ढंग वेगळे ओळखू येतात. सध्याच्या फॉन्टमध्ये सुटी, छापील अक्षरे आहेत. युनिकोड अक्षर नोंदवतो, कारकुनाचा हात नोंदवत नाही. तो हात छायाचित्रातच पाहावा लागेल, आणि म्हणून प्रत्येक ओळीसमोर छायाचित्राचा क्रमांक व ओळीचा क्रमांक लिहिण्याची शिस्त पहिल्या पानापासून ठेवावी लागेल.